दोन जागांची गाडी

भों... भों... असा तो आवाज. फसली सन १३२४ मध्ये, म्हणजे इंग्रजी १९१४ साली, वयाच्या सातव्या वर्षी, केळणा नदीच्या उतारावर मी तो प्रथम ऐकला. रबरी फुग्याचा भोंगा होता, निजामाच्या तालुकदारसाहेबांच्या मोटारीचा. मोटार नदीत रुतली. माझ्या वडिलांनी आमची बैलजोडी जुंपून ती ओढून काढली. साहेब आतून उतरले नाहीत. वर आल्यावर, बैलांच्या पायांनी चिखल उडाला म्हणून, त्यांच्या शिपायाने वडिलांच्या पाठीत छडी ओढली. घरी येताना वडील म्हणाले, "मोटार आपली नसती बापू. आपण नुसती ओढायची." त्या दिवशी मी जे मनात धरले ते साठ वर्षे धरून ठेवले.

मृत्युपत्रात आवाज लिहीत नाहीत, असे भोकरदनच्या वकिलांनी सांगितले. मी लिहितो. पुढची सगळी मिळकत त्या आवाजातून निघाली आहे.

तर मी, कडूबा राघोजी गावंडे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा औरंगाबाद. डोके ठिकाणावर आहे. मोतीबिंदू काढल्यापासून दृष्टीही चांगली आहे. नशापाणी जन्मात केले नाही. हे लिहिण्यासाठी मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे आणि पुऱ्या शुद्धीतला आहे. हृदयाचा ठोका मधूनच चुकतो, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले. माझ्या मागे तंटा राहू नये, आणि राहिलाच तर माझ्या मनासारखा राहावा, यासाठी हे लिहून ठेवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. वडिलोपार्जित जमीन.
ही अकरा एकर आहे. माझा एकुलता एक मुलगा रामकिसन याचा तिच्यात जन्माने हक्क आहे आणि तो मला काढून घेता येत नाही. वकिलांना तीन वेळा विचारले. तिन्ही वेळा तेच उत्तर आले. याचे मला वाईट वाटते, एवढे या कलमात नोंदवून ठेवावे.

कलम दुसरे. राहते घर, पुस्तके आणि पट्टी.
घर माझ्या पगारातून बांधलेले आहे, त्यावर कोणाचा हक्क चालत नाही. ते माझ्या पुस्तकांसह गावच्या मुलींच्या शाळेला द्यावे. अट एकच. ओसरीवर आठवड्यातून दोन तास कविता म्हणून घ्यायच्या, आणि त्या चालीवर. अर्थ नंतर सांगितला तरी चालेल. मी छत्तीस वर्षे शिकवले. आधी उर्दूच्या अमदानीत चोरून, मग राजरोस. माझा अनुभव असा आहे की चाल अंगात भिनली की अर्थ आपल्या पायांनी चालत येतो, कधी चाळीस वर्षांनी येतो. हेडमास्तर कारभारी पवार यांनी मात्र "कवितेनं पोटं भरत न्हाईत, गुरुजी" असे म्हणून माझा कवितेचा तास काढला आणि तिथे सूतकताई घातली. त्या कातलेल्या सुताचा एक रुमालही कोणी पाहिलेला नाही. श्री. कारभारी पवार हयात आहेत. त्यांना माझी लाकडी पट्टी द्यावी, आणि देताना ती कशासाठी दिली ते शाळेच्या मुलींनी एका सुरात सांगावे.

कलम तिसरे. गाडी. हे कलम लांबेल.
पुण्यात एक भला इंजिनिअर होता. त्याने स्वतःच्या हातांनी पत्रा ठोकून शर्यतीच्या घाटाच्या उघड्या मोटारी केल्या. एकंदर पंचवीस केल्या आणि कारखान्याला कुलूप लावले. माझी नववी. स्टिअरिंगखाली पितळी पट्टी आहे, तिच्यावर "२५ पैकी ९" असे कोरलेले आहे. रंग पिकल्या बोराचा. छत नाही. दार लहान मुलाच्या कंबरेइतके. आणि जागा दोन. मागे बसायला काही नाही, पुढेच दोन, शेजारी शेजारी.

ही मी १९७४ साली घेतली. त्यासाठी रस्त्यालगतचे माझ्या खरेदीचे तीन एकर विकले. दुष्काळ सरून दोन वर्षे झाली नव्हती आणि पेट्रोल तेव्हाच महाग झाले होते. गाव हसले, त्याचा राग नाही. मीसुद्धा दुसऱ्या कोणाला हसलो असतो.

इंजिनिअरने चावी देताना सांगितले की बाकीच्या बहुतेक गाड्या मोठ्या लोकांनी घेतल्या आहेत आणि कापडाखाली झाकून ठेवल्या आहेत. तुम्ही काय करणार, गुरुजी? मी म्हणालो, चालवणार. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

चालवायला मला तातेराव साळवे याने शिकवले. हा एस.टी.त मेकॅनिक आहे, आणि एकेकाळी माझा विद्यार्थी. इथे एक गोष्ट माझ्या स्वतःच्या विरुद्ध लिहायची आहे. शाळेत तातेराव कविता सगळ्यांत खड्या आवाजात म्हणत असे, आणि मी त्याला दाराजवळ वेगळे बसवीत असे. तसा हुकूम कुठे नव्हता. रीत होती. मी ती मोडली नाही. १९५६ नंतर त्याच्या वडिलांनी ताठ मानेने येऊन मला सांगितले की आता पोरगा मधल्या रांगेत बसेल, तेव्हा तो बसला. माझ्या सांगण्याने बसला नाही. या गाडीत मात्र शिकवणाऱ्याला शेजारीच बसावे लागते. पहिल्या दिवशी तो बसला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आता तुम्ही दाराजवळ, गुरुजी. क्लच दाबा." मी दाबला.

तो मला कवितेच्या वृत्तांवर गिअर बदलायला शिकवू लागला, कारण वेगाच्या काट्याच्या हिशोबाने मला ते जमेना. बैलगाडीच्या चाकोरीतून जाताना ओवी. डांबरी लागली की आर्या. उताराला भुजंगप्रयात. शार्दूलविक्रीडिताची पहिली ओळ संपली की तिसरा गिअर बरोबर पडतो, हे मी कोणत्याही कोर्टात सिद्ध करून दाखवीन.

माझी पत्नी सगुणाबाई हिने आयुष्यात नवऱ्याच्या शेजारी कधी बसून पाहिले नव्हते. बैलगाडीतही ती माझ्या मागे, पाठीला पाठ लावून बसे. या गाडीत मागे जागाच नाही. ती पहिल्यांदा बसली ती मांडी घालून, मांडीवर पूजेचे ताट घट्ट धरून. आम्ही रेणुकामातेच्या देवळापर्यंत गेलो. परत येताना म्हणाली, "अजून एक चक्कर मारा." त्यानंतर अकरा महिने आम्ही रोज चक्कर मारली. १९७५ च्या पोळ्याच्या आधी ती गेली. ती जागा रिकामी राहिली, आणि त्या रिकाम्या जागेने पुढचा सगळा घोटाळा केला.

घोटाळा असा. १९७७ च्या जानेवारीत राजूरहून निरोप आला की आमच्या सुनेची, म्हणजे रामकिसनच्या बायकोची, द्वारकाबाईची आई अखेरच्या घटका मोजते आहे. रामकिसन सरकी घेऊन जालन्याला गेला होता. एस.टी.ला चार तास होते. द्वारकाबाई, गाडी ठेवतो त्या गोठ्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. पदर नाकापर्यंत. आमच्या घरात सून सासऱ्यासमोर बसत नाही, पुढ्यातून जात नाही. शेजारी बसायचा विचारसुद्धा कुणी केलेला नाही. गाडी घेताना मीही केला नव्हता. घरात सून असलेल्या माणसाने दोन जागांची गाडी घेतली, ही माझी चूक. माझ्या सगळ्या चुकांत हीच एक मला आवडते.

मी म्हणालो, बस. ती बसली. भोकरदनच्या बाजारातून जाताना वाऱ्याने तिचा पदर डोक्यावरून उडाला. तिने दोनदा सावरला, तिसऱ्यांदा हातात धरून ठेवला आणि मोकळ्या डोक्याने समोर बघत राहिली. आम्ही तासाच्या आत राजूरला पोहोचलो. तिच्या आईला शुद्ध होती. मायलेकींचे बोलणे झाले. काय झाले ते मला माहीत नाही. मी बाहेर गणपतीच्या रस्त्यावर गाडी पुसत बसलो होतो.

परत आलो तोवर बातमी आमच्या पुढे पोहोचली होती. सुनेला शेजारी बसवून, उघड्या डोक्याने, भर बाजारातून. आठ दिवसांनी रामकिसनने भाऊबंद देवळात बसवले. त्यांच्यासमोर तिला विचारले, "तू आपखुशीनं बसली का?" ती खाली बघत होती. म्हणाली, "मामंजी बस म्हणले. मंग काय करू?"

शब्दाला शब्द खरा आहे, आणि तरी सगळे खोटे आहे. ती गोठ्याशी आली नसती तर मी बस म्हणालो असतो का? भाऊबंदांनी मला गाडी बंद ठेवायला सांगितले. मी त्यांना एक कविता म्हणून दाखवली आणि घरी आलो.

मे महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी औरंगाबादला तीन आठवडे होतो. रामकिसनने तेवढ्यात गाडी दगडांवर चढवली, चाके काढली, आणि आपल्याकडे हरभऱ्याचे बियाणे जसे राखतात तशी राखली. साऱ्या पत्र्याला एरंडेल चोळून वर राख. दोन्ही जागांवर निंबाचा पाला, गुडघाभर. इंजिनातसुद्धा पाला. मग गोठ्याचे तोंड विटांनी चिणून टाकले. मी डोळ्यांवर हिरवी पट्टी घेऊन उतरलो तर पुढे भिंत. रामकिसन अगदी शांतपणे म्हणाला, "आबा, अशी चीज ठेवायची असती. ठेवली तर किंमत चढती, चालवली तर उतरती. आणि आपली इज्जत बी बराबर राहती."

भिंत मी आणि तातेरावाने पहारीने पाडली. आतली गाडी पाहून तातेराव उकिडवा बसला आणि हसू दाबत म्हणाला, "गुरुजी, आता पाऊस पडला की पेरा. पंचवीसच्या पंचवीस उगवतीन." ती पुन्हा चालू व्हायला दीड महिना लागला. अजूनही ऊन तापले की तिला निंबाचा वास येतो. भिंत पाडली त्याच आठवड्यात रामकिसन बायकोला घेऊन भोकरदनला राहायला गेला आणि तिथे त्याने सरकीचे दुकान टाकले. तेव्हापासून दोघांपैकी कोणीही या उंबऱ्यावर आलेले नाही.

स्वतः आला नाही, पण या पावसाळ्यात एक मुंबईचे शेठ मात्र त्याने पाठवले. त्यांच्याकडे आठवी गाडी आहे आणि दहावी आहे. नववी पाहिजे. त्यांनी अभिमानाने सांगितले की आठवी त्यांनी फाटकातून आत घेतली तेवढीच चालली आहे. मग त्यांनी माझ्या गाडीचा काटा वाचला. एक्केचाळीस हजार किलोमीटर. टोपी काढून म्हणाले, "मास्टरजी, आपने तो इसको मार डाला." मी म्हणालो, शेठ, तुमच्याकडे दोन मेलेल्या आहेत, तिसरी जिवंत कशाला पाहिजे? ते रागावले नाहीत. जाताना म्हणाले, आम्ही थांबू, तुमचा मुलगा समजदार आहे.

या एका वाक्यासाठी हे मृत्युपत्र आहे. मी डोळे मिटताच रामकिसन गाडी शेठला देणार, आणि ती आठवी आणि दहावीच्या मधे कापडाखाली उभी राहणार. म्हणून गाडी रामकिसनला मिळू नये. कोणत्याही वाटेने, कोणत्याही नात्याने मिळू नये.

मी ती तातेरावाला देणार होतो. तो नको म्हणाला. "गाव म्हणंल, साळव्यानं म्हाताऱ्याला गंडवलं. तुम्ही जाताल, मला इथंच राहायचंय." मी ऐकेना. तेव्हा त्याने वकिलांकडून काढून आणले की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही घेता येत नाही, आणि साक्षीदार होण्याचा हट्ट धरून बसला. विद्यार्थी हुशार निघाला की असा त्रास होतो.

मग मी शाळेच्या फळ्यावर लिहिले: जो चालवील त्याला गाडी. आठ दिवसांत चौदा जण आले. प्रत्येकाला विचारले, गाडीचे काय करशील? चौदाही जणांनी तेच सांगितले, जिवापाड जपीन. एकाने तर देव्हाऱ्यासारखी खोली बांधतो म्हणून शपथ घेतली. मी सगळ्यांना चहा पाजून परत पाठवले.

तेव्हा कलम असे. माझी गाडी, तिची चावी, जास्तीचे चाक आणि हत्यारांची पेटी माझ्या मृत्यूनंतर .............................. यांस द्यावी.

ही जागा मी आज सूर्य मावळेपर्यंत कोरी ठेवतो. साक्षीदार तोवर ओसरीवर बसून आहेत. तोपर्यंत नाव सापडले नाही तर या कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारून तिच्याशेजारी आम्ही तिघे पुन्हा सह्या करू, आणि मग माझ्या मृत्यूच्या तिसऱ्या दिवशी तातेरावाने गाडीचा नट नटापासून आणि पत्रा पत्र्यापासून सुटा करावा, आणि सगळे भोकरदनच्या बाजारात भंगार म्हणून वेगवेगळ्या माणसांना विकावे. पितळी पट्टी माझ्याबरोबर जाळावी. शेठला आठनंतर दहाच मोजावे लागेल. रामकिसनने ते बघावे, एवढेच मला पाहिजे. गाडी मोडायची या विचाराने काल रात्री मी दोनदा उठून तिला हात लावून आलो, पण कलम तसेच राहील.

कलम चौथे. रामकिसनला.
गोठ्याच्या पाडलेल्या भिंतीच्या विटा, संख्या एकशे ब्याऐंशी. उरलेले एरंडेल, एक बाटली. ही सर्व मालमत्ता त्याने नीट ठेवावी. ठेवली तर किंमत चढते.

कलम पाचवे. द्वारकाबाईला.
सगुणाबाईची सहा नऊवारी लुगडी, आणि माझ्यातर्फे टाचण्यांचे एक पाकीट, म्हणजे पदर पुन्हा कोणत्याही वाऱ्याने उडणार नाही. मी तिच्याकडून फार मागितले नव्हते. "मीच गेले होते" एवढे तीन शब्द देवळात बोलली असती, तर मी भाऊबंदांपुढे तिच्या पाठीशी उभा राहिलो असतो. या कलमात एक शब्द खोडलेला दिसेल. ते रागाने आहे, दुसरे काही समजू नये.

कलम सहावे. माझ्या मयतीला भाऊबंदांनी खांदा देऊ नये. गाडीत बसवून न्यावे असे मला वाटत होते, पण तातेराव म्हणतो की आडवे पडायला ती पुरणार नाही. तर एस.टी.च्या चार मेकॅनिकांनी न्यावे. वाटेत कोणीही रडू नये. चालीवर काही म्हणता आले तर म्हणावे.

वर लिहिलेले मी स्वतःच्या हाताने लिहिले, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

सही: कडूबा राघोजी गावंडे
साक्षीदार १: तातेराव भिकाजी साळवे, एस.टी. मेकॅनिक
साक्षीदार २: मच्छिंद्र गणपत वाघ, पोस्टमास्तर
ठिकाण: पिंपळगाव रेणुकाई
गुरुवार, दि. ९ नोव्हेंबर १९७८

सहीनंतरचा मजकूर.
ऊन ओसरीच्या तिसऱ्या खांबावर आले आहे. पोस्टमास्तर पेंगत आहेत. तातेरावाने रेघ मारायला माझी जुनी शाईची दौत पुढे सरकवली, आणि मी टाक बुडवणार तोच दारात सावली पडली.

द्वारकाबाई आहे. एकटी. पायांवर धूळ आहे. पदर डोक्यावर नाही, कंबरेला खोचलेला आहे. तातेराव उठून उभा राहिला. मी बसूनच विचारले, रामकिसनने पाठवले का? हे मी मुद्दाम इथे लिहितो, म्हणजे तिचे उत्तर साक्षीदारांसमोर लिहिलेले राहील.

ती उंबऱ्याच्या आत आली. माझ्या समोर उभी राहिली नाही, सरळ येऊन शेजारी सतरंजीवर बसली आणि म्हणाली,

"त्यांना म्हाईत न्हाई. फळ्यावरचं कानावर आलं, मीच आले. वापसीची यष्टी मी सोडून दिली, मामंजी. वापस जायचं ते गाडीतच, त्यांच्या दुकानासमोरून. तुम्ही शेजारी बसा, मी चालवते. मंग नाव लिहा, आणि शिकवा जल्दी."